कडेवरचं मूल घेऊन थीम पार्कात

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन थीम पार्कला जायचं म्हटलं की घरात दोन मतं पडतात. एवढ्याशा जिवाला काय कळणार, अर्ध्या राइडवर बसूही देणार नाहीत, पैसे पाण्यात जातील, असं एक मत. दुसरं मत असं की न का कळेना, आपण सगळे जातोय तर तेही येईल, फोटो तरी निघतील. मला दोन्ही पटत नाहीत. या वयाच्या मुलाला अशा ठिकाणी भरपूर मजा येऊ शकते, पण दिवस त्याच्या मापाने बेतायला हवा. तसा बेतला तर परेड नसो, एखादा शो रद्द होवो, चार राइड दुरुस्तीसाठी बंद असोत, काही अडत नाही. मोठ्यांच्या मापाने बेतला तर सगळं चालू असूनही दुपारी तीन वाजता भोकाड पसरलेलं मूल आणि एकमेकांवर चिडलेले आई-बाबा, एवढंच हाती लागतं.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूरला सोडला की खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका आहे. २०१३ साली ते सुरू झालं आणि मुंबई-ठाण्यापासून पिंपरी-चिंचवडपर्यंतच्या अनेक घरांनी पाहिलेलं पहिलं मोठं थीम पार्क तेच. पुढे जे लिहिलं आहे ते मनात हे पार्क ठेवून लिहिलं आहे. पण तुम्ही बंगळुरूला किंवा हैदराबादला राहत असाल आणि वंडरलाला जाणार असाल, किंवा कॅलिफोर्नियातल्या मुलीकडे गेल्यावर नातवाला डिस्नीलँड दाखवायचं ठरत असेल, तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

सुरुवात घरच्या भिंतीपासून करा. मुलाला भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर पुस्तक सपाट धरा, पेन्सिलीची खूण करा आणि टेपने मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ ते ८८ सेंटीमीटर असते आणि तीन वर्षांच्या मुलाची ९५ च्या आसपास. आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. एका मर्यादेखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो, पण ती मर्यादा प्रत्येक पार्कची वेगळी. काही ठिकाणी ती ८५ सेंटीमीटर आहे, काही ठिकाणी त्याहून बरीच वर. दोन बोटांच्या फरकाने मुलाचं तिकीट लागतं किंवा वाचतं, म्हणून आकडा हाताशी असू द्या. तोच आकडा घेऊन पार्कच्या संकेतस्थळावरची राइडची यादी बघा आणि मुलाला चालतील अशा राइडवर खुणा करा. त्या थोड्याच निघतील. सहा-सात निघाल्या तरी भरपूर समजा, कारण या वयाचं मूल दिवसभरात तेवढ्याही करत नाही.

उंचीची अट का असते, हे समजून घेतलं तर फाटकावर वाद घालावासा वाटत नाही. राइडचा दांडा किंवा पट्टा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. मोठ्या माणसाच्या शेजारी लहान मूल बसलं की दांडा मोठ्याच्या मांडीवर अडतो आणि मुलाच्या अंगाभोवती मोकळी जागा उरते. झटका बसला की मूल त्या फटीतून खाली घसरू शकतं. शिवाय या वयात शरीराच्या मानाने डोकं मोठं आणि मानेचे स्नायू कोवळे असतात, त्यामुळे वेगाने वळणं घेणारा डबा त्यांच्यासाठी नाहीच. ‘मी मांडीवर घट्ट धरून बसतो’ हे आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. त्या वेगात दहा-बारा किलोचं मूल हातांनी धरून ठेवणं कोणालाही जमत नाही. पट्टीशी उभं करताना जाड टाचेचे बूट घालणं, टाचा उचलायला सांगणं, ओळखीतून सोडवून घेणं, हे करू नका.

आता दिवस कुठला निवडायचा. मूल अजून शाळेत जात नाही हा तुमच्या हातातला सर्वांत मोठा फायदा आहे, आणि बहुतेक घरं तो वापरतच नाहीत. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, मे महिना आणि शनिवार-रविवार सोडून द्या. कामाच्या दिवशी कार्यक्रम कमी असतात, परेड नसण्याची शक्यता असते, खाण्याचे दोन-चार स्टॉल बंद दिसतात. ते बघून अनेक जण म्हणतात, मग त्याच पैशात रविवारी का जाऊ नये? एकटे मोठे जात असतील तर ठीक. पण रांगेत पाऊण तास उभं राहणं दोन वर्षांच्या मुलाच्या कुवतीबाहेरचं आहे, आणि गर्दी हीच त्याची सर्वांत मोठी अडचण असते. त्याला परेड चुकल्याचं कळतसुद्धा नाही. मोकळा रस्ता, पळायला जागा आणि तीच राइड पुन्हा करायला मिळणं, हे मात्र कळतं. कमी कार्यक्रमांचा दिवस मी मुद्दाम निवडायला सांगेन.

कामाच्या दिवसांतही एक मेख आहे. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत शाळांच्या सहली निघतात आणि त्या कामाच्या दिवशीच येतात. सकाळी फाटकाशी वीस पिवळ्या बस उभ्या असल्या तर रविवार बरा म्हणायची वेळ येते. म्हणून जायच्या आधी पार्कात फोन करून सरळ विचारा की त्या दिवशी मोठ्या सहलींचं बुकिंग आहे का. सहलींचा हंगाम ओसरल्यावरचे, म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. वार्षिक परीक्षांच्या धास्तीने मोठी मुलं घरात असतात आणि ऊन अजून पेटलेलं नसतं. मार्चनंतर घाटाच्या पायथ्याशी खोपोलीत दुपारचा उकाडा फार असतो. लोणावळ्याची हवा घाटाच्या वरच राहते, ती खाली येत नाही.

त्याच फोनवर आणखी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. लहान मुलांच्या कुठल्या राइड त्या दिवशी बंद आहेत? बाबागाडी भाड्याने मिळते का, की स्वतःची न्यायची? बाळाचं खाणं आत नेऊ देतात का? बाहेरचे पदार्थ आत न्यायला बहुतेक पार्कांत मनाई असते, पण लहान मुलाच्या खाण्याला सहसा आडकाठी नसते. आणि दूध पाजायची, डायपर बदलायची वेगळी खोली कुठे आहे? एसटी स्थानकांमुळे ‘हिरकणी कक्ष’ हे नाव आता सगळ्यांना माहीत झालं आहे. त्याच नावाने विचारलंत तर समोरच्याला चटकन समजतं.

अष्टविनायकांपैकी दोन गणपती याच परिसरात आहेत, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. आजी-आजोबा बरोबर असले की ‘एवढं आलोच आहोत तर दर्शन करून पुढे जाऊ’ असं निघतंच. इच्छा रास्त आहे. तरी मूल बरोबर असताना दोन्ही एका दिवसात करू नका. देवळाच्या रांगेत सकाळची ताजी वेळ खर्ची पडते आणि पार्कात पोहोचेपर्यंत मूल झोपेला आलेलं असतं. मुक्काम करणार असाल तर आदल्या संध्याकाळी महडला जाऊन या. नाहीतर दर्शनाची वेगळी फेरी ठेवा, तीही निवांत होईल.

प्रवासाबद्दल थोडंच. पुण्याकडून येताना घाट उतरावा लागतो आणि काही मुलांना त्या वळणांत हमखास उलटी होते, तेव्हा निघण्याआधी पोटभर दूध देऊ नका. कोरडी पोळी, पोह्याचा लाडू असं काहीतरी हातात द्या आणि दूध उतरल्यावर पाजा. मुंबईकडून येणाऱ्यांना खोपोलीपर्यंत लोकल आहे. पुढे रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते. पण ज्या मुलाने लोकल कधी पाहिली नाही त्याच्यासाठी गर्दी नसलेल्या वेळची खिडकी हीच दिवसातली पहिली राइड ठरते.

पार्क उघडायच्या वेळी फाटकावर असा. या वयाच्या मुलाचे उत्तम दोन-अडीच तास सकाळचेच असतात. आत शिरल्या शिरल्या मोठी माणसं नकाशा उघडतात आणि सर्वांत लांबच्या मोठ्या राइडकडे निघतात, कारण तिथे रांग लागायच्या आत पोहोचायचं असतं. तुम्ही तसं करू नका. पहिली पंधरा-वीस मिनिटं मुलाला खाली सोडा आणि ते कुठे जातंय ते बघा.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा दिवस याच्यावर उभा असतो. आपण पार्काकडे बघतो तेव्हा आपल्याला राइड, शो आणि दुकानं दिसतात. मुलाला काय दिसतं ते त्याच्या उंचीवर बसून बघा. फरशीतली लोखंडी जाळी दिसते आणि तिच्याखाली वाहणारं पाणी. रबरी पट्टीच्या वायपरने ओली फरशी ओढणारे काका दिसतात. ते थांबले की मूल थांबतं, ते सरकले की सरकतं. मेरी-गो-राउंडजवळ पोहोचल्यावर घोडा फिरतोय याचं आपल्याला कौतुक, आणि मूल मात्र कठड्याच्या गजाला धरून एकाच घोड्याकडे बघत राहतं. तो पांढरा, लाल खोगिराचा घोडा फिरून गेला की त्याचा चेहरा पडतो. फेरी पुरी करून परत समोर आला की हात वर करून ओरडतं. गेला, आला. गेला, आला. दिसेनासं झालेलं परत येतं, याची या वयाला मोठी गंमत वाटते आणि मेरी-गो-राउंड ती दर अर्ध्या मिनिटाला नव्याने करून दाखवतं. अशा वेळी ‘चल, बसूया, बसूया’ म्हणून उचलून घोड्यावर ठेवायची घाई करू नका. तीन-चार फेऱ्या बाहेरून बघू द्या. मग विचारा. बसायचं म्हणालं तर तुम्ही शेजारी उभे राहा, पाठीला हात द्या. नाही म्हणालं तरी ती राइड त्याची झालेलीच आहे.

एकदा बसलं आणि आवडलं, की पुन्हा तेच मागेल. द्या. लगेच दुसरीकडे ओढून नेऊ नका. सगळ्या राइड ‘झाल्या पाहिजेत’ हा हिशोब तिकिटाचा आहे, मुलाचा नाही. फिरणारे कप, हळूहळू वर जाणारे हत्ती, छोट्या होड्या यांपैकी दोन-तीन गोष्टी चार-चार वेळा केल्या तर या वयाला तो भरगच्च दिवस झाला.

मेरी-गो-राउंडवरून आठवलं. वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या मेरी-गो-राउंडवर न्यायचे. मुली फिरायच्या आणि ते बाकावर बसून शेंगदाणे खायचे. मुलं आणि आई-बाप दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथे सुरू झाला, असं त्यांनीच सांगितलं आहे. त्यातून १९५५ साली अ‍ॅनाहाइमला डिस्नीलँड उभं राहिलं. आजही आई-बाबांसाठी त्यात सोय आहे. मोठ्यांच्या राइडवर आई-बाबांपैकी एक जण आधी जातो, दुसरा मुलाला घेऊन बाहेर थांबतो, आणि पहिला परत आला की दुसऱ्याला पुन्हा आख्खी रांग लावावी लागत नाही. रायडर स्विच म्हणतात त्याला. आपल्याकडे अशी पद्धत लेखी असो वा नसो, राइडवरच्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारा: ‘दादा, आम्ही आळीपाळीने बसलो तर चालेल का?’ गर्दी नसलेल्या दिवशी माणसं ऐकतात. घरून चौघं-पाचजण आला असाल तर सकाळीच ठरवून टाका की कोण कुठल्या राइडवर जाणार आणि तेवढा वेळ मूल कोणाकडे. हे आधी ठरलं नाही तर मूल दिवसभर आईच्याच कडेवर राहतं आणि बाकीचे फिरून येतात. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की मुद्दाम लिहावंसं वाटतं. आईलाही नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरवर बसायचं असतं. बाबांनी, आत्याने, मामाने वाटणी करून घ्यावी.

अंधार आणि मोठा आवाज यांबाबत सावध राहा. उंचीची अट नसलेली प्रत्येक गोष्ट लहान मुलासाठी असतेच असं नाही. बसून बघायचा शो असतो, प्रवेशाला बंदी नसते, पण आत दिवे एकदम जातात, खुर्ची हलते, अंगावर पाण्याचे तुषार येतात, स्पीकर छातीत घुमतात. डायनोसॉर, राक्षस, भूतबंगला असं ज्याच्या नावात किंवा चित्रात आहे ते मुलाविना करा. बाकी शोला जायचं असेल तर दाराजवळच्या, कडेच्या खुर्च्या घ्या. रडू फुटलं की एकाने लगेच उठून बाहेर यायचं, ‘आत्ता संपेल’ म्हणून बसून राहायचं नाही. घाबरलेल्या मुलाला अंधारात धरून ठेवलं तर पुढे घरातल्या अंधाराचीही धास्ती घेऊ शकतं.

हीच गोष्ट मुखवटेवाल्या पात्रांची. सहा फुटी हत्ती किंवा कुत्रा दोन पायांवर चालत आला की आपण आनंदाने मूल पुढे करतो. मुलाला मात्र ते खरं वाटतं. डोळे न मिचकावणारं, न बोलणारं, प्रचंड डोकं असलेलं काहीतरी जवळ येतं आणि आपलीच माणसं आपल्याला त्याच्याकडे ढकलतात. लांबून हात हलवू द्या. तुम्ही स्वतः जाऊन त्या पात्राशी हात मिळवा, मुलाला ते बघू द्या. काही मुलं अर्ध्या तासाने आपण होऊन जवळ जातात, काही जात नाहीत. रडक्या चेहऱ्याचा फोटो घरच्यांना गमतीचा वाटतो, पण तेवढ्यासाठी मुलाला रडवायचं नाही.

आता झोप. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, दुपारची झोप धरून. सहलीच्या दिवशी सकाळी लवकर उठवलेलं असतं, म्हणजे दुपारच्या झोपेची गरज जास्तच. ती झोप हा कार्यक्रमातला भाग समजा आणि वेळ घरातलीच ठेवा. जेवण साडेअकराला उरकून घ्या. तेव्हा खाण्याच्या जागाही रिकाम्या असतात. मग बाबागाडीची पाठ आडवी करा, सावलीतला, वर्दळ नसलेला कोपरा शोधा, पायांवर ओढणी घाला आणि थोपटा. गाडीवर जाड चादर टाकून सगळीकडून झाकू नका. आत हवा कोंडते आणि गाडी पाहता पाहता तापते. मूल झोपलेलं असताना मोठ्यांनी आळीपाळीने आपल्या राइड कराव्यात. हा तास-दीड तास तुमचा. मूल बाबागाडीत झोपतच नसेल तर आजी-आजोबांना थंड हवेच्या उपाहारगृहात बसवून त्यांच्या मांडीवर झोपवा. आणि तेही जमणार नसेल तर सरळ जेवणानंतर परत निघा, गाडीत झोपेल. अर्ध्या दिवसात परत फिरणं म्हणजे पैसे फुकट जाणं नव्हे. न झोपलेल्या मुलाला संध्याकाळपर्यंत फिरवलं तर सकाळी मिळालेला आनंदही रडारडीत बुडतो.

खाण्याचं सांगायचं तर नवीन काही त्या दिवशी चाखवू नका. मेतकूट-भात, दशमी, मऊ धिरडं, राजगिऱ्याचा लाडू, केळं असं ओळखीचं घ्या. खाऊ एकदम पुढे न करता दीड-दोन तासांनी थोडा थोडा द्या. मुलं खेळात तहान विसरतात आणि ‘पाणी पाहिजे का’ विचारलं की ‘नको’च म्हणतात, म्हणून न विचारता पेला समोर धरा. लघवी गडद पिवळी दिसली किंवा डायपर तीन-चार तास कोरडाच राहिला तर पाणी कमी पडतंय. शी-शूची सवय नुकतीच लागलेली असेल तरी त्या दिवशी डायपर घालायला संकोच करू नका. एका दिवसाने सवय मोडत नाही.

शेजारीच वॉटर पार्क असतं आणि ‘थोडा वेळ तिकडेही’ असं होतं. एका दिवसात दोन्ही नको. वॉटर पार्कच करायचं असेल तर त्याचा वेगळा दिवस ठेवा, आणि मला विचाराल तर उन्हाळ्यात लहान मुलाला कोरड्या पार्कापेक्षा तेच बरं. तिथे नायलॉनचे पोहायचे कपडे लागतात आणि डायपर पाण्यातला वेगळा मिळतो तो घ्या. साधा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि फाटतो. घोटाभर पाण्याच्या कुंडातही मुलापासून हाताच्या अंतरावर राहा. बुडणारं मूल ओरडत नाही, हात मारत नाही. ते गुपचूप खाली जातं आणि पाठ फिरवलेल्या आईला काही ऐकू येत नाही. दंडात घालायच्या फुगवलेल्या पट्ट्या खेळणं म्हणून ठीक आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका.

घसरगुंडीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. लहान मुलाला एकटं न सोडता मांडीत घेऊन घसरगुंडीवरून यायचं, हे आपल्याला सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात वर्षा-दोन वर्षांच्या मुलांची नडगी मोडते ती बऱ्याचदा अशाच वेळी. मुलाच्या बुटाचा तळ किंवा पाय कडेला अडकतो आणि मागून मोठ्या माणसाचं सगळं वजन वेगाने पुढे येतं. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या २००२ ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा घसरगुंडीवर जखमी झालेल्या सहा वर्षांखालच्या मुलांत १२ ते २३ महिन्यांची मुलं सर्वांत जास्त निघाली. एकटं घसरलं तर पाय अडला तरी त्याच्याच वजनाने ते थांबतं. तेव्हा मुलाला झेपेल अशी बुटकी घसरगुंडी निवडा, तुम्ही बाजूला उभं राहा आणि त्याचं त्याला घसरू द्या. त्याला एकट्याला झेपत नाही ती घसरगुंडी त्याच्यासाठी नाही.

हरवण्याची भीती सगळ्यांना असते, तिच्यावरचे उपाय सोपे आहेत. गाडीतून उतरल्यावर मुलाचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा. घाबरलेल्या क्षणी ‘कुठल्या रंगाचा शर्ट?’ हे आई-बाबांनाही आठवत नाही, आणि तो फोटो सुरक्षारक्षकाला दाखवता येतो. दंडाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा. नाव कपड्यावर दिसेल असं लिहू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवतं. आणि दर हाताबदलाला तोंडाने सांगा, ‘आता तुझ्याकडे.’ मुलं बहुधा दोघांच्या मधल्या जागेत हरवतात, जिथे प्रत्येकाला वाटत असतं की ते दुसऱ्याकडे आहे.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की विजा चमकू लागल्या किंवा जोराचा पाऊस आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि खालापूर-खोपोलीकडचा जुलै म्हणजे कोसळणारा पाऊस. तरीही रेनकोट, गमबूट आणि कपड्यांचे दोन जादा जोड घेऊन गेलात तर मुलाची हरकत नसते. डबक्यात उड्या मारायला त्याला तिकीट लागत नाही. भिजल्यावर अंग लगेच कोरडं करा, थंड केलेल्या सभागृहात ओल्या कपड्यांनी नेऊ नका. अंगात कसर असेल, नाक वाहत असेल, तर मात्र तिकीट काढलेलं असलं तरी बेत पुढे ढकला. दर तासाला हात साबणाने धुवा. सगळ्यांनी धरलेला दांडा धरून मूल तेच बोट तोंडात घालतं.

परदेशात जाणार असाल तर हिशोब जरा बदलतो. तिथल्या बऱ्याच मोठ्या पार्कांत मुलाचं तिकीट उंचीवर नसून वयावर असतं. अमेरिकेतल्या आणि पॅरिसच्या डिस्नीत, हाँगकाँगलाही, तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. टोकियोत आणि सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये चार वर्षांखालच्यांना. म्हणून नातवंडाचा तिसरा वाढदिवस आणि विमानाची तारीख शेजारी ठेवून बघा. पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, वय विचारलं तर दाखवता येतं. अमेरिकेतल्या डिस्नी पार्कांत बाळांसाठी वेगळी केंद्रं आहेत, दूध पाजायला, डायपर बदलायला शांत जागा मिळते. पण विमानप्रवासाने मुलाचं घड्याळ उलटं झालेलं असतं. पोहोचल्यावर तीन-चार दिवस जाऊ देऊन मगच पार्काचा दिवस ठरवा, नाहीतर सकाळी अकराला त्याची मध्यरात्र झालेली असते.

आणि परत निघण्याची वेळ घरूनच ठरवून निघा. साधारण साडेचार-पाच. संध्याकाळी परेड किंवा दिव्यांचा कार्यक्रम असला आणि मूल दुपारी नीट झोपलेलं असलं तर थांबायला हरकत नाही. नाहीतर लोकांचे लोंढे फाटकाकडे वळायच्या आत बाहेर पडा. निघताना पाच मिनिटं आधी सांगा, ‘अजून एकदा घोडा बघायचा आणि मग टाटा करायचा,’ आणि खरोखर एकदाच बघा. फाटकाजवळच्या खेळण्यांच्या दुकानात मूल कडेवर घेऊन शिरू नका. काही घ्यायचंच असेल तर एकाने आधी जाऊन घेऊन यावं. गाडीशी आल्यावर हातपाय पुसा, सुके मऊ कपडे घाला, नवा डायपर बांधा, दूध पाजा आणि मगच सीटवर बसवून पट्टा लावा. द्रुतगती मार्गाला लागायच्या आत ते झोपलेलं असेल. घरी पोहोचल्यावर जेवणासाठी उठवू नका, तसंच अंथरुणावर ठेवा. दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवा, पाळणाघरात दुपारी सोडलंत तरी चालेल.